महायुद्ध आणि यवतमाळचा कापूस

(यवतमाळ येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



दुसऱ्या महायुद्धाचा इतिहास सांगावयास कोणी बसला की पोलंड, डंकर्क, स्टालिनग्राड, पर्ल हार्बर, हिरोशिमा ही नावे ओळीने येतात. त्या नकाशावर यवतमाळ नाही. ह्या जिल्ह्यावर एकही बॉम्ब पडला नाही आणि शत्रूचा एकही सैनिक वर्धा-पैनगंगेच्या काठावर आला नाही. त्यामुळे दोन समजुती इकडे रूढ झाल्या. एक, ते युद्ध दुसऱ्यांचे होते, आपल्याकडे फक्त त्याच्या बातम्या आल्या. दुसरी, लढाईत कापूसवाल्या शेतकऱ्याची चांदी झाली. पहिली समजूत साफ चुकीची आहे. दुसरी अर्धीच खरी आहे, आणि अर्धे सत्य खोडून काढणे पूर्ण असत्यापेक्षा कठीण असते.

ही दुसरी समजूत फार जुनी आहे. १८६१ ते १८६५ ह्या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालले असताना लँकेशायरला अमेरिकन कापूस मिळेना, तेव्हा वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या दिवसांत शेतकऱ्यांनी गाड्यांच्या चाकांना चांदीच्या धावा बसविल्या, अशा कथा आहेत. अमेरिकेतील युद्ध थांबले, भाव कोसळला, कर्जे राहिली. त्या धावा कोणाच्या घरात वितळल्या हे मात्र कथेत सांगितलेले नसते. पहिल्या महायुद्धातही असेच झाले. १९१४ च्या हंगामात युरोपातील गिऱ्हाईक एकाएकी नाहीसे झाल्याने मंदी आली, मागाहून तेजी आली, आणि ती तेजी अंगी लागण्यापूर्वीच १९१८ चा दुष्काळ आणि इन्फ्लुएन्झाची साथ आली.

तेव्हा प्रथम हा जिल्हा काय विकत होता आणि कोणाला विकत होता, हे पाहिले पाहिजे. मूर्तिजापूरहून कारंजा-दारव्हामार्गे यवतमाळला पूर्वी येणारी नॅरो गेज 'शकुंतला' सर्वांना ठाऊक आहे. किलिक निक्सन ह्या ब्रिटिश पेढीच्या व्यवस्थापनाखालील कंपनीने हा मार्ग कापसासाठीच घातला. त्यावर धावलेले वाफेचे इंजिन १९२१ साली मँचेस्टरला तयार झाले होते व १९९४ पर्यंत ते चालले. एवढ्यावरून यवतमाळचा कापूस मँचेस्टरला जात होता असे सर्रास लिहिले जाते. इंजिन मँचेस्टरचे होते हे खरे, पण कापसाचे मुख्य गिऱ्हाईक मँचेस्टर नव्हते. मुंबईच्या बाजारात 'उमरा' म्हणून विकला जाणारा वऱ्हाडचा आखूड धाग्याचा कापूस लँकेशायरच्या चात्यांना फारसा चालत नसे, त्यांना अमेरिकन लांब धागा लागे. 'उमरा' जाई तो जपानला, जर्मनीला, इटलीला, बेल्जियमला. दोन महायुद्धांच्या दरम्यान हिंदुस्थानच्या कापूस-निर्यातीपैकी जवळजवळ निम्मी एकट्या जपानला होत असे. राली आणि व्होलकार्ट ह्या युरोपीय पेढ्यांप्रमाणेच तोयो मेंका, गोशो अशा जपानी पेढ्यांचेही आडतिये देशातील कापूस-मुलखात खरेदी करीत. कारंज्यात १८८६ साली सुरू झालेला व १८९७ च्या वऱ्हाड कापूस व धान्य बाजार कायद्याने चौकट लाभलेला आपला संघटित बाजार पुढे ओसाकाच्या गिरण्यांशी जोडला गेला, तो असा.

ही गोष्ट एकदा ध्यानात घेतली म्हणजे महायुद्धाची कारणे समजण्यास व्हर्सायच्या तहापासूनच प्रारंभ करण्याची गरज उरत नाही. कापसाच्या गाठीपासूनही तेथे पोहोचता येते. १९२९ च्या अमेरिकेतील अरिष्टानंतर जगभर शेतमालाचे भाव पडले. कापसाचा भाव निम्म्याहून खाली गेला, परंतु सारा आणि सावकाराचे व्याज रोख रकमेत ठरलेले असल्याने ते मात्र जागचे हलले नाही. मध्यप्रांत-वऱ्हाड सरकारला १९३३ साली कर्ज-समझोत्याचा कायदा करावा लागला, ही ह्या हलाखीची सरकारी कबुलीच होय. ह्याच वेळी प्रत्येक साम्राज्य आपापल्या बाजारपेठेभोवती कुंपण घालू लागले. १९३२ च्या ओटावा कराराने ब्रिटिश साम्राज्याने आपल्या घरातील मालाला सवलत दिली. हिंदुस्थानात ब्रिटिश कापडावर शेकडा २५ आयातकर असताना जपानी कापडावरचा कर १९३२ च्या ऑगस्टात शेकडा ५० आणि १९३३ च्या जूनमध्ये शेकडा ७५ पर्यंत नेण्यात आला. मुंबई-अहमदाबादच्या गिरणीमालकांना हे हवेच होते, लँकेशायरलाही हवे होते. जपानी गिरणीवाल्यांनी उत्तर दिले ते हिंदी कापसावर बहिष्कार टाकून. भांडण कापडाचे होते, मार बसला कापूस पिकविणाऱ्याला.

१९३४ च्या जानेवारीत समेट झाला. जपानने वर्षाला १० लक्ष गाठी घ्याव्यात, तर त्याचे ३२ कोटी ५० लक्ष वार कापड हिंदुस्थानात येऊ द्यावे. गाठी वाढून १५ लक्ष झाल्या तर कापडाची मर्यादा ४० कोटी वार व्हावी. ह्या करारात शेतकऱ्याचा कापूस हे गिरणीमालकांच्या आणि साम्राज्याच्या सौद्यातील एक वजन होते. वाटाघाटीत व्हाइसरॉयचे सरकार होते, जपानी सरकार होते, दोन्हीकडचे गिरणीमालक होते. दारव्हा-पुसदचा कास्तकार तेथे कोणाच्याही खिजगणतीत नव्हता.

जपानने ह्या अनुभवातून जो धडा घेतला तो भयंकर होता. दुसऱ्याच्या कुंपणाबाहेर उभे राहण्यापेक्षा स्वतःचेच कुंपण घालावे, असे तेथील सेनाधिकारी आणि भांडवलदार ह्यांनी ठरविले. १९३१ मध्ये मांचुरिया घेतलेलाच होता. १९३७ च्या जुलैत चीनवर आक्रमण सुरू झाले आणि उत्तर चीनमध्ये कापूस पिकविण्याच्या योजना आखल्या गेल्या. ह्याचा अर्थ जपान निर्दोष होता असा कोणी काढू नये. नानकिंगच्या कत्तलीला कोणत्याही आयातकराचे समर्थन पुरणार नाही. परंतु फॅसिझम हा काही वेड्या माणसांच्या डोक्यातून आकाशातून पडावा तसा पडला नाही. साम्राज्यांनी जगाचे बाजार वाटून घेतले होते, त्या वाटणीत उशिरा आलेल्यांनी बंदुकीने फेरवाटणी मागितली. डॉ. लोहिया आणि जयप्रकाश १९४० साली युद्धविरोधी प्रचारासाठी तुरुंगात गेले ते ह्याच भूमिकेवरून. समाजवाद्यांना हिटलर प्रिय होता असा आरोप तेव्हा झाला व नंतरही होत राहिला. १९४१ च्या जूनपर्यंत जे युद्ध साम्राज्यवादी होते ते रशियावर हल्ला होताच 'लोकयुद्ध' ठरविणाऱ्यांनी तो आरोप करावा, हे विशेष.

३ सप्टेंबर १९३९ रोजी लिनलिथगो ह्यांनी हिंदुस्थान युद्धात असल्याचे जाहीर केले. केंद्रीय कायदेमंडळाला विचारले नाही, प्रांतिक मंत्रिमंडळांना विचारले नाही. नोव्हेंबरात रविशंकर शुक्लांच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि मध्यप्रांत-वऱ्हाडात गव्हर्नरचा एकतंत्री कारभार सुरू झाला. बाजाराची प्रतिक्रिया मात्र आनंदाची होती. १९३९ च्या अखेरीस सट्टेबाजीने कापूस चढला. तेजी आली की प्रथम ती मुंबईच्या वायद्याला समजते, मग अडत्याला, आणि शेतकऱ्याला समजते तोपर्यंत त्याचा माल बहुधा विकून झालेला असतो. १९४० च्या मे-जूनमध्ये फ्रान्स पडला, युरोपची बाजारपेठ बंद झाली आणि भाव खाली आले. १९४१ च्या जुलैअखेर जपानची मत्ता गोठविण्यात आली, त्यामुळे जपानकडे जाणारी जहाजेही थांबली. डिसेंबरात पर्ल हार्बर झाले. ज्या मालाचे मोठे गिऱ्हाईक एकच होते, ते गिऱ्हाईक आता शत्रू झाले.

यवतमाळच्या बाजारात महायुद्ध खऱ्या अर्थाने आले ते ह्या हंगामात. बॉम्बऐवजी ते न विकल्या जाणाऱ्या गाठींच्या रूपाने आले. गिरण्यांना लष्करी कापडासाठी मध्यम व लांब धागा हवा होता. आखूड धाग्याचा कापूस जिनांच्या आवारात पडून राहिला. १९४२ च्या जानेवारीत सरकारने आयात होणाऱ्या कापसावर रत्तलामागे एक आणा जादा कर बसवून त्यातून आखूड धाग्याच्या उत्पादकांना साहाय्य देण्यासाठी कापूस-निधी उभारला. त्याच वर्षी 'अधिक धान्य पिकवा' मोहीम आली. ब्रह्मदेश जपानने घेतल्याने तेथील तांदूळ बंद झालेला होता. कापूस कमी करा, ज्वारी पेरा, असा सरकारचा आग्रह सुरू झाला. देशातील कापसाखालील क्षेत्र १९४१-४२ मध्ये सुमारे २ कोटी ४० लक्ष एकर होते, ते १९४४-४५ पर्यंत दीड कोटी एकरांच्या आसपास आले. एक प्रश्न तेव्हा कोणी विचारला नाही. पाऊणशे वर्षे ज्याला निर्यातीसाठी कापूस लावण्याची सवय सरकारनेच रेल्वे, बाजार आणि साऱ्याच्या हप्त्यांनी लावली, त्याला दोन हंगामांत मागे फिरावयास सांगताना त्याच्या कर्जाचे काय करावयाचे?

ह्या काळात यवतमाळचा एक पुत्र प्रत्यक्ष व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होता. वणीस जन्मलेले, यवतमाळात वकिली केलेले, १९३० च्या जुलैत पुसदच्या जंगल सत्याग्रहाचे नेतृत्व करणारे लोकनायक बापूजी अणे १९४१ मध्ये मंडळाचे सदस्य झाले आणि परदेशस्थ हिंदी लोकांचे खाते त्यांच्याकडे आले. ब्रह्मदेशातून लाखो हिंदी माणसे डोंगर-जंगले तुडवीत आसामकडे आली, वाटेत सहस्रावधी मेली, गोऱ्यांच्या आणि काळ्यांच्या वाटाही वेगळ्या होत्या. ते सारे ह्याच खात्याच्या पदरात पडले. वैयक्तिक सत्याग्रही तुरुंगात असताना अण्यांनी हे पद घ्यावयास नको होते, हे मत आजही बदलण्याचे कारण नाही. पण त्यांना न्यायही दिला पाहिजे. १६ ऑगस्ट १९४२ ला चिमूर आणि आष्टी पेटले, त्यानंतर चिमूरमध्ये जे अत्याचार झाले त्यांच्या चौकशीसाठी प्रा. भन्साळी दिल्लीला अण्यांच्याच दारी उपोषणास बसले. सरकारने भन्साळींना उचलून परत पाठविले, उपोषण ६३ दिवस चालले. मंडळातील हिंदी सदस्याला स्वतःच्या शेजारच्या जिल्ह्यातील चौकशीही घडवून आणता येत नाही, एवढीच त्या पदाची सत्ता होती. पुढे १९४३ च्या फेब्रुवारीत गांधीजींच्या उपोषणाच्या वेळी मोदी आणि सरकार ह्या दोघा सहकाऱ्यांसह अण्यांनी राजीनामा दिला.

आता चांदीच्या प्रश्नाकडे यावे. १९४३ पासून भाव चढले, ह्यात शंका नाही. परंतु कशामुळे चढले? ब्रिटनने हिंदुस्थानात लष्करासाठी धान्य, कापड, लाकूड, पोलाद घेतले, पैसे मात्र येथे दिले नाहीत. लंडनमध्ये हिंदुस्थानच्या नावे स्टर्लिंगमध्ये रक्कम मांडली जाई आणि त्या चिठ्ठ्या तारण धरून रिझर्व्ह बँक येथे नोटा छापी. १९३९ च्या ऑगस्टमध्ये चलनात सुमारे १८० कोटी रुपयांच्या नोटा होत्या, युद्ध संपताना त्या ११०० कोटींच्या वर गेल्या. माल देशाबाहेर किंवा लष्कराकडे गेला, नोटा मागे राहिल्या. हा कर होता. कोणत्याही कायदेमंडळाने न बसविलेला, पावती नसलेला, आणि जो जितका गरीब त्याच्यावर तितका जड. बंगालमध्ये १९४३ साली सुमारे ३० लक्ष माणसांनी तो प्राण देऊन भरला.

यवतमाळात तो कसा भरला गेला? ज्याच्याकडे कोठारात ज्वारी होती, जिनात हिस्सा होता, गाठी अडवून धरण्याची ऐपत होती, त्याचे कर्ज फिटले. कित्येकांनी जमिनी घेतल्या. सालदाराच्या मजुरीत जितकी ज्वारी ठरलेली तितके तरी त्याचे पोट सुरक्षित राहिले. पण ज्याची मजुरी रोख, जो मक्त्याने जमीन करीत होता, ज्याचा कापूस दिवाळीपूर्वीच सावकाराच्या वहीत जमा झालेला होता, त्याच्या हातात भाव आला तो घेण्याचा, विकण्याचा नव्हे. मद्रास प्रांतात प्रा. नारायणस्वामी नायडू ह्यांनी १९४५ मध्ये केलेल्या पाहणीत हेच आढळले होते. मोठ्या खातेदारांचे कर्ज घटले, भूमिहीन मजुरांचे वाढले. वऱ्हाड त्याला अपवाद असावा, असे मानण्यास काही आधार नाही.

कापडाची कथा ह्याहून उघडी. गिरणीच्या कापडाचा भाव १९४३ च्या मध्यापर्यंत युद्धपूर्व पातळीच्या चौपटीहून अधिक झाला. गिरणीमालकांनी त्या दोन वर्षांत जो नफा कमावला त्याला इतिहासात तोड नाही. १९४३ च्या मेमध्ये कापसाचे वायदे बंद झाले, जूनमध्ये कापड-सूत नियंत्रणाचा हुकूम आला, कापडावर किमतीचे शिक्के बसू लागले, कापसालाही कमाल-किमान भाव बांधण्यात आले. शिक्क्याचे कापड दुकानात नसे आणि दुकानामागे असे. कापूस पिकविणाऱ्या, वेचणाऱ्या बाईला लुगडे मिळू नये, हा विरोधाभास नसून व्यवस्थेचा नियम होता. रुई तिच्या हातून स्वस्त जावी आणि कापड होऊन महाग परत यावी, ह्यावरच दोन्हीकडचे नफे उभे होते.

युद्ध संपले तेव्हा ब्रिटन हिंदुस्थानचे सुमारे १३० कोटी पौंड देणे लागत होते. ही शिल्लक म्हणजे कोणा दानशूराची ठेव नव्हती. उपाशी राहिलेल्यांच्या ताटातील ती भाकर होती, अर्धनग्न राहिलेल्यांच्या अंगावरचे ते वस्त्र होते. १९४४ साली ब्रेटन वुड्स येथे हिंदी प्रतिनिधींनी हा प्रश्न काढला, पण तो परिषदेच्या कक्षेबाहेरचा ठरविण्यात आला. स्वातंत्र्यानंतर हिशेब झाला, तोही पाहण्यासारखा आहे. शिलकीतून १० कोटी पौंड ब्रिटिशांनी मागे ठेवलेल्या लष्करी सामानापोटी वजा झाले. निवृत्त गोऱ्या अधिकाऱ्यांच्या पेन्शनसाठी आणखी मोठी रक्कम एकगठ्ठा कापली गेली. ज्यांनी चिमूरला फौज धाडली त्यांची पेन्शने चिमूरने आगाऊ भरली, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही. पाकिस्तानचा वाटा गेला. १९४९ च्या सप्टेंबरात पौंडाचे अवमूल्यन होऊन उरलेल्याची डॉलरमधील किंमत शेकडा ३० ने उतरली. शिल्लक धान्याच्या आणि यंत्रांच्या आयातीवर खर्च होत गेली आणि दुसऱ्या योजनेच्या प्रारंभीच तिचा तळ दिसला. यंत्रे आली हे बरेच झाले. पण ज्या खेड्यांतून ही सक्तीची बचत काढली त्या खेड्यांच्या खाती ती कधी जमा दाखविण्यात आली नाही.

फाळणीने कापसाचा नकाशा आणखी बदलला. सिंध आणि पश्चिम पंजाबातील लांब धाग्याचा मुलूख पाकिस्तानात गेला, गिरण्या भारतात राहिल्या. त्यामुळे आता विदर्भाच्या कोरडवाहू जमिनीने लांब धागा द्यावा, असा रेटा सुरू झाला. १९७० साली सुरतहून संकरित-४ हे वाण आले, २००२ मध्ये बीटी आले. प्रत्येक वाणाबरोबर बियाण्याचा, खताचा आणि फवारणीचा खर्च आला. १९७२ साली सुरू झालेल्या एकाधिकार खरेदीने भावाचा थोडा आधार दिला, तिचेही चुकारे रखडत, आणि अखेर ती योजनाच मोडली.

फवारणीच्या औषधातही त्या युद्धाचा एक धागा आहे. जर्मनीत आय. जी. फार्बेनच्या प्रयोगशाळेत गेरहार्ड श्राडर कीटकनाशके शोधीत होता. १९३६ साली त्याला 'टाबुन' सापडले. ते किड्यांपेक्षा माणसांना मारण्यास अधिक योग्य दिसताच लष्कराने ते उचलले. पॅराथिऑन हे त्याचेच १९४४ चे संशोधन. युद्धानंतर ह्याच सेंद्रिय फॉस्फरसयुक्त विषांच्या कुळातील औषधे जगभर शेतांवर गेली. मोनोक्रोटोफॉस त्यांतलेच. २०१७ च्या पावसाळ्याअखेर यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर मेले, शेकडो रुग्णालयात दाखल झाले, तेव्हा चर्चेत आलेल्या औषधांत ह्या कुळाचा समावेश होता. मेलेल्यांत दुसऱ्याच्या शेतात रोजाने फवारणारे होते, ह्याची नोंद पक्षाच्या कार्यकर्त्यांनी विशेष करावी.

शेवटी कुंपणांकडे परत. २०२१ च्या फेब्रुवारीत भारताने आयात कापसावर शेकडा ११ पर्यंत कर बसविला होता. २०२५ च्या ऑगस्टात अमेरिकेने भारतीय मालावरचा आयातकर शेकडा ५० वर नेला, त्यात कापड-कपड्यांचे कारखानदार अडचणीत आले. त्याच महिन्यात, १९ तारखेपासून, भारत सरकारने कापसावरील आयातकर माफ केला. प्रथम ही माफी सप्टेंबरअखेरपर्यंत होती, मग डिसेंबरअखेरपर्यंत वाढविण्यात आली. ऑक्टोबर ते डिसेंबर हे विदर्भात वेचणीचे आणि पहिल्या विक्रीचे महिने. भांडण पुन्हा कापडाचे होते. १९३४ च्या करारात निदान इतक्या गाठी घेतल्याच पाहिजेत, असे एक कलम तरी होते.